माझी करंगळी आणि भाऊजींची वरात

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीमुळं आमच्या धाकट्या दिराचं लग्न मोडता मोडता राहिलं. लग्न झालं, करंगळीही शाबूत आहे. पण सचिन भाऊजी घरी आले की अजून आधी माझ्या हातांकडं बघतात, मग तोंडाकडं.

सुरुवातीलाच सांगते, मी बी.कॉम. आहे. माहेर आणि सासर मिळून पदवीपर्यंत पोचलेली पहिली मीच. (कुणी विचारत नाही, तरी मी सांगते.) आमची शेती राहू गावात. तिथं आबा, म्हणजे माझे सासरे, आणि सचिन भाऊजी असतात. आम्ही शिरूरला राहतो, कारण ह्यांची रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट असते. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं असो, नाहीतर मोबाईलवर आलेला मेसेज खरा की खोटा ते ठरवायचं असो, राहूहून फोन मलाच येतो. लग्नाला बारा वर्षं झाली, पण "मला येत नाही" हे शब्द मी सासरी कधी उच्चारले नाहीत. येत नसलं तर "संध्याकाळी सांगते" म्हणायचं आणि संध्याकाळपर्यंत शोधून काढायचं. पदवीधर माणसाला एवढं करावंच लागतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं आणि आमच्या ईश्वरीच्या शाळेनं पियानो सुरू केला. तिसरीच्या पोरांना! पियानो म्हणजे कपाटाएवढा खरा पियानो नव्हे, टेबलावर ठेवायचा विजेवरचा की-बोर्ड. पण शाळा त्याला पियानो म्हणते, म्हणून आम्हीही पियानो म्हणतो. तो घरी आला आणि पाठोपाठ डायरीत सूचना आली, पालकांनी रोज सराव करून घ्यावा. ईश्वरीनं डायरी माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "आई, तुला येतो ना पियानो?"

"येतो की," मी म्हणाले.

शेजारी हे जेवत होते. त्यांचा घास तोंडापाशीच थांबला.

"कवा शिकलीस?"

"कॉलेजात."

"तुमच्या कॉलेजात पंखा न्हवता म्हणत हुतीस तू. पियानो हुता व्हय?"

मी आमटी वाढायला उठले. आमच्या घरात संशय शिरला तो हा असा, आमटीच्या वेळी.

आता शिकायचं कुणाकडं? शाळेच्या बाईंना विचारावं तर दुसऱ्या दिवशी वर्गात ईश्वरीला कळणार. शिरूरमध्ये टायपिंगपासून मेंदीपर्यंत सगळ्याचे क्लास सापडले, पियानोचा एक सापडेना. मग आठवलं, गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीच्या टेंपोवर उभा राहून एक माणूस की-बोर्ड वाजवत असतो. त्याच्याही पट्ट्या काळ्या-पांढऱ्याच असतात! त्यांचं नाव किसन मास्तर. बाजारपेठेच्या मागच्या रस्त्याला, दाताच्या दवाखान्याला लागून त्यांचा गाळा. दारात टेंपो, आत छतापर्यंत स्पीकर आणि वर पाटी: लग्न, वरात, हळदी, वाढदिवस. तारखेआधी बुकिंग करावे.

मास्तरांनी वही उघडली आणि लग्न कुणाचं ते विचारलं. मी म्हणाले, लग्न नाही, मला शिकायचंय. त्यांनी वही मिटली आणि मला चपलेपासून वरपर्यंत न्याहाळलं. मागं एक जण असाच शिकायला म्हणून आला होता, त्यानं मास्तरांच्या सगळ्या चाली मोबाईलवर भरून घेतल्या आणि दुसऱ्या पार्टीला नेऊन दिल्या.

"तुम्ही कुठल्या पार्टीच्या?" त्यांनी विचारलं.

मी कुठल्याच पार्टीची नाही, मी बी.कॉम. आहे, असं सांगितलं. हवं तर मार्कशीट आणते म्हणाले. शेवटी दोघांच्या अटी ठरल्या. त्यांची अट, मोबाईल गाळ्याबाहेर ठेवायचा. माझी अट, कुणाला कळता कामा नये. ईश्वरी चित्रकलेच्या क्लासला जाते त्या वेळात, आठवड्यातून तीनदा, चार वाजता. मी स्कार्फनं सगळं तोंड बांधून, फक्त डोळे उघडे ठेवून स्कूटीवर जायची. आमच्याकडं सगळ्याच बायका तशा जातात, त्यामुळं कोण कुणाला ओळखणार, असं मला वाटायचं. (स्कूटीला नंबरप्लेट असते, हे बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरला नव्हतं.)

पहिला धडा सोपा वाटला. अंगठा एक नंबर, करंगळी पाच नंबर. पाच बोटं, पाच पट्ट्या, सा रे ग म प. एका वेळी एकच बोट. इथंच गाडी अडली. माझा हात वीस वर्षं भाकरी थापतोय. भाकरीला पाची बोटं एकदम लागतात. एक खाली गेलं की पाची जातात, एक उचललं की पाची उठतात. त्यात डाव्या हाताचं सगळं उलटं! तिथं 'सा'वर करंगळी. त्या करंगळीला जन्मात कुणी काम सांगितलं नव्हतं. ती एकतर हवेतच राहायची, नाहीतर दोन पट्ट्यांवर आडवी पडायची.

"ताई, पट्टी दाबायची हाय," मास्तर म्हणायचे, "ढेकूण चिरडायचा न्हाई."

मास्तरांच्या की-बोर्डला एक खोडही होती. वरातीसाठी त्यांनी डावीकडच्या पट्ट्या अशा लावून ठेवल्या होत्या, की त्यातली एक दाबली तरी आतला ढोल-ताशा आपोआप सुरू व्हायचा. माझा धडा सुरू होण्याआधी मास्तर एक लाल बटण दाबून तो बंद करायचे. मी हात लावण्याआधी ते बटण, हा पहिला नियम. हे बटण लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सराव मात्र मी जिथं तिथं करायची. ओट्यावर, स्कूटीच्या हँडलवर, भाजीवाल्याच्या काट्यावर. हे सेकंड शिफ्टला असले की सकाळी उशिरापर्यंत पालथे झोपतात. एकदा चांगली रुंद जागा दिसली म्हणून मी त्यांच्या पाठीवर डाव्या हाताचा सा रे ग म प घेतला. हे जागे झाले.

"काय चाललंय?"

"डास होता."

"पाच डास? वळीनं?"

तेव्हापासून हे भिंतीला पाठ लावून झोपायला लागले.

आता तिकडं राहूला काय चाललं होतं ते सांगायला हवं. सचिन भाऊजी बत्तीस वर्षांचे. ऊस आहे, सहा गाई आहेत, व्यसन नाही. पण हल्ली शेतकरी मुलगा म्हटलं की मुलीकडचे कांदेपोहे खाऊ घालतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. भाऊजींनी चार वर्षं असे पोहे खाल्ले. शेवटी न्हावऱ्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी चांगली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. (मला तर फारच आवडली. घरात कुणीतरी बोलण्यासारखं येणार होतं.) बघण्याचा कार्यक्रम झाला आणि तिकडून पहिल्यांदाच नकार आला नाही. "चौकशी करून कळवतो," असा निरोप आला.

चौकशीचे दिवस म्हणजे आमच्याकडं परीक्षेचे दिवस. मुलीकडचा माणूस कुठल्या टपरीवर बसून कुणाला काय विचारेल, सांगता येत नाही. आबांनी दारातलं भांडकुदळ कुत्रं मळ्यात नेऊन बांधलं. भाऊजी रस्त्यात दिसेल त्याला रामराम घालायला लागले. मला फोनवर आबांनी बजावलं, "सूनबाई, महिनाभर कुणाच्या नजरंत येईल असं कायबी करू नका." मी म्हणाले, मी कशाला करतेय.

आमच्या भावकीतले थोरले तात्या, म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांची लेक शिरूरलाच दिलेली, किसन मास्तरांच्या गाळ्याच्या अगदी समोर. तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ते तिच्याकडं राहायला आले होते. काळा चष्मा लावून दिवसभर ओट्यावर बसायचे. त्यांना ताटातलं मीठ दिसत नव्हतं, पण समोर आठवड्यातून तीनदा उभी राहणारी माझी स्कूटी दिसली, नंबरसकट! आता बँजो पार्टीच्या गाळ्यावर माणूस कशाला जातो? बुकिंगला. एकदा तारीख बघायला, दुसऱ्यांदा ठरवायला, तिसऱ्यांदा पक्कं करायला. म्हणजे सचिनचं लग्न ठरलं, तारीख निघाली आणि भावकीला पत्ता नाही!

आमच्याकडं भावकीला न विचारता लग्न ठरवणं हा काही लहान गुन्हा नाही. माणसं मांडवात येतात, पण जेवत नाहीत, आणि जेवले नाहीत हे दहा वर्षं सांगत फिरतात. तात्यांनी आबांना फोन लावला आणि एकच वाक्य बोलले, "पत्रिकंत आमचं नाव छापणार हायसा, का आम्ही पेनानं लिहून घिऊ?"

आबांना काही कळेना. त्यांना वाटलं, भाऊजींनी परस्पर काही ठरवलं. भाऊजींना वाटलं, ह्यांनी ठरवलं. ह्यांनी रात्रपाळीहून येताच सरळ मला विचारलं, बँडवाल्याकडं काय काम असतं? मी म्हणाले, बँडवाल्याकडं नाही, शेजारच्या दवाखान्यात जाते, दाढ दुखतेय.

खोटं बोलणं सोपं असतं, पण निभवायला डावा हात आणि उजवा हात दोन्ही लागतात. त्याच रविवारी राहूला जत्रेचं मटण होतं. सगळ्यांच्या ताटात रस्सा आणि नळ्या. माझ्या ताटात मऊ भात आणि दूध! आबा स्वतः सगळ्यांना सांगत होते, सूनबाईला हाड देऊ नका, दाढ हाय. हे माझ्यासमोर बसून एकेक नळी माझ्याकडं बघत फोडत होते. त्यांना संशय होता आणि ते माझी परीक्षा घेत होते, हे मला समजत होतं. मी दूधभात खाल्ला. पदवीधर माणूस एकदा बोलला की बोलला.

पण तात्यांचा काही दाढेवर विश्वास बसला नाही. त्यांनी ते आणखी दोघांना सांगितलं, त्या दोघांनी न्हावऱ्याला पोचवलं. तिथं पोचेपर्यंत गोष्ट थोडी वाढली होती: राहूवाल्यांनी दुसरीच मुलगी पक्की केली, बँडसुद्धा ठरवला, आणि आपल्याला नुसतं झुलवत ठेवलंय. मुलीच्या वडलांनी आबांना काहीच विचारलं नाही. त्यांनी मुलीच्या मामाला शिरूरला पाठवलं. खात्री करून ये म्हणाले.

मी त्या दिवशी गाळ्यात नेहमीसारखी स्टुलावर बसले होते. स्कार्फ नाकाखाली ओढला होता. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक जाड मिशांचा माणूस दारात उभा राहिला. त्यानं मास्तरांना गोड आवाजात विचारलं, राहूच्या अमक्यांचं बुकिंग तुमच्याकडंच आहे ना? मास्तरांचे कान टवकारले. दुसऱ्या पार्टीचाच माणूस, गिऱ्हाईक फोडायला आलाय, याची त्यांना खात्री पटली. ते म्हणाले, आमचं कुणाचं बुकिंग आहे आणि कुणाचं नाही, हे आम्ही कुणाला सांगत नाही. झालं! मामाला पाहिजे होतं ते मिळालं. बुकिंग नसतं तर माणसानं नाही म्हणून मोकळं सांगितलं असतं.

मग मामाची नजर माझ्यावर आली. मला तो माणूस कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण कुठं ते आठवेना. (बघण्याच्या कार्यक्रमात त्यानंच मला दोनदा चहा दिला होता.) मला वाटलं, तात्यांनी पाठवलेला गुप्तहेर. मी घाईनं स्कार्फ वर ओढला. त्यानं मास्तरांना विचारलं, ह्या बाई कोण? मी शिकतेय हे कुणाला कळू द्यायचं नाही, ही माझी अट मास्तरांनी प्रामाणिकपणे पाळली.

"ह्या आमच्या पार्टीतच हायत," ते म्हणाले. "वाजिवत्यात."

मामा हसला आणि म्हणाला, "मग ऐकू द्या की."

नाही म्हणावं तर संशय. मी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. लाल बटण राहिलं, हे मास्तरांच्याही लक्षात आलं नाही. त्या दिवशी सकाळी वरात वाजवून ते आले होते आणि वायर अजून टेंपोवरच्या स्पीकरला जोडलेली होती. माझी करंगळी, जी महिनाभर पट्टीवर सरळ बसली नव्हती, ती त्या दिवशी बरोबर 'सा'वर बसली.

सगळ्या रस्त्यानं वरात सुरू झाली! ढोल, ताशा, झांजा, मधूनच "हुर्र" असा रेकॉर्ड केलेला आवाज. दाताच्या दवाखान्यातून एक माणूस तोंडात कापूस धरून बाहेर आला. क्लासहून येणारी पोरं टेंपोपुढं नाचायला लागली. मी घाबरून दुसरी पट्टी दाबली, तर चाल आणखी वाढली. या गडबडीत स्कार्फ सुटला. समोरच्या ओट्यावर तात्या उभे राहिले, त्यांनी काळा चष्मा काढला. आणि मामा माझ्याकडं बघत एकेक शब्द तोडून म्हणाला, "तुम्ही. सचिनरावांच्या. वयनी."

आता न्हावऱ्याला दोन बातम्या गेल्या. एक, बँड ठरलाय. दोन, मुलाची सख्खी वहिनी बँजो पार्टीत वाजवते आणि ही गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली होती.

रविवारी राहूच्या घरी बैठक बसली. मुलीचे वडील, मामा, आबा, आणि भावकीतर्फे तात्या. हे मला म्हणाले, पियानो संगं घे, पुरावा लागंल. म्हणून ईश्वरी आणि तिचा पियानोही होता. भाऊजी नवा शर्ट घालून दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते नुसते माझ्याकडं बघत होते. चार वर्षांचे पोहे होते त्या बघण्यात.

मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "जे काय हाय ते सरळ सांगा. आम्हाला लेक द्यायची हाय, फसायचं न्हाई."

मी एकदा ईश्वरीकडं बघितलं, एकदा भाऊजींकडं. आणि बारा वर्षांत न बोललेलं वाक्य बोलले. "मला पियानो येत नाही. लेकीला येतो म्हणून सांगितलं, आणि मग गुपचूप शिकायला जात होते. बँड ठरवला नाही, दाढ दुखत नाही, आणि मी कुठल्याच पार्टीत नाही."

यावर आधी बोललं कोण, तर माझे सासरे! ते अभिमानानं म्हणाले, "असं कसं हुईल? आमच्या सूनबाईला येत न्हाई अशी गोष्टच न्हाई. बी.कॉम. हायत त्या."

"ऐका," मामा म्हणाला. "सासरंच सांगत्यात."

बारा वर्षांची माझी कमाई अशी माझ्यावरच उलटली. शेवटी तात्यांनी तोडगा काढला. वाजवू द्या म्हणाले. बँडवाली असली तर लपणार नाही.

पियानो पाटावर मांडला. आता कुणालाही वाटेल की मी मुद्दाम वाईट वाजवलं असेल. तसं केलं असतं तर आज हे लिहिताना मला इतकी लाज वाटली नसती. पण व्याही मंडळी समोर, लेक शेजारी, महिनाभराची मेहनत हातात. माझ्यातला पदवीधर जागा झाला. मी डोळे मिटले आणि जीव ओतून वाजवलं. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं वादन होतं ते. सा, रे, मग एकदम दोन ग, मग भाकरीसारखी पाची बोटं, आणि शेवटी करंगळी कडेच्या पट्टीवरून घसरून पाटावर आपटली. मळ्यात बांधलेलं कुत्रं तिथून रडायला लागलं.

मी डोळे उघडले. मुलीच्या वडलांनी तोंडाला रुमाल लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मामानं मिशीवरून हात फिरवला.

"पावणं," तो आबांना म्हणाला, "माझी खात्री पटली. ह्यांना कुठलीबी पार्टी घेणार न्हाई. आमचा होकार समजा."

भाऊजी दारातून आत आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या पायाला हात लावला. मी ईश्वरीला जवळ घेतलं आणि म्हणाले, आईनं खोटं सांगितलं, चुकलं. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तू पियानो उलटा ठेवला होतास."

पंधरा दिवसांनी सुपारी फुटली आणि याद झाली. याद म्हणजे लग्नात कुणी काय करायचं याचा दोन्हीकडच्या सह्यांचा कागद. मांडव त्यांचा, जेवण निम्मं निम्मं, मानाचे आहेर अमके अमके, वरातीला किसन मास्तरांची पार्टी. (तात्यांचं नाव पत्रिकेत सगळ्यात वर.) वाचणाऱ्यानं खाली शेवटचं कलम वाचलं. ते मामानं घालायला लावलं होतं: "वरातीत नवरदेवाच्या वहिनी सौ. अर्चना यांनी कोणत्याही वाद्यास हात लावू नये."

सगळे हसले. ह्यांनी तर खिशातून पेन काढून सगळ्यात आधी सही केली. रीतीप्रमाणं वाचणाऱ्यानं विचारलं, कुणाची काही हरकत?

"माझी आहे," मी म्हणाले.

हसणं थांबलं. भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आबांनी मला डोळ्यांनी खुणावलं.

"माझ्या नावापुढं," मी म्हणाले, "बी.कॉम. लिहायचं राहिलंय."